हिरव्या पट्ट्यातला ठिपका

वय तोंडी विचारायचं नाही, कागद बघूनच मशीनमध्ये टाकायचं, हा नियम आमच्या हृदयतपासणी सेंटरमध्ये मी घातला. डॉक्टरांनी नाही, मशीन विकणाऱ्यांनीही नाही, मी. जळगावात बावीस वर्षं ईसीजीच्या तारा लावून लोकांच्या बोलण्यावरचा माझा विश्वास पार उडाला होता. बायका चार वर्षं कमी सांगतात, पुरुषांना स्वतःचं वय बायकोला विचारावं लागतं, आणि खेड्यावरून आलेली म्हातारी "लिही ना माय, साठ-सत्तर जे आशीन ते" म्हणून मोकळी होते. मला असला ढिसाळपणा खपत नाही. म्हणून टेबलावर पाटी लावली: आधार कार्डाशिवाय तपासणी होणार नाही. खाली लाल शाईच्या दोन रेघा मारल्या. त्या रेघांचा मला तेव्हा अभिमान होता.

त्या नियमात सापडला तो माझाच सख्खा भाऊ. तो गेल्याला आता वर्ष होईल. त्याच्या हृदयाची जी एक तपासणी आयुष्यात झाली, ती मी केली, आणि ती चुकली. मशीन चुकलं नाही. मी चुकले, आणि तेही नियम पाळून.

रक्तवाहिन्यांचा कडकपणा मोजणारं हे मशीन कळल्याशिवाय माझी चूक कळणार नाही, म्हणून थोडं सांगते. माणसाला उताणं झोपवायचं. दोन्ही दंडांना आणि दोन्ही घोट्यांच्या वर रक्तदाबाच्या मशीनसारखे पट्टे बांधायचे, मनगटांना चिमटे लावायचे. सुई नाही, रक्त काढणं नाही. दहा मिनिटं गप्प पडून राहायचं, त्याआधी चहा नाही, तंबाखू नाही. मग पट्टे एकदम फुगतात, आवळतात आणि सैल पडतात. तेवढ्या वेळात हृदयातून निघालेली नाडीची लाट दंडापर्यंत कधी पोचली आणि घोट्यापर्यंत कधी, हे मशीन टिपतं. लाट जितकी वेगात, तितकी रक्तवाहिनी कडक. बहुतेकांना आधी उलटंच वाटतं. वेग जास्त म्हणजे तब्येत जोरात, असं समजून ते खूश होतात.

जळगावात हे समजावणं तसं सोपं आहे, कारण इथे ज्याने त्याने कधी ना कधी ठिबकची नळी हाताळलेली असते. नवी नळी दाबली की दबते, सोडली की पुन्हा फुगते. चार उन्हाळे उन्हात पडलेली नळी कडक होते. पाणी तिच्यातूनही जातंच, म्हणून वरून कोणाला काही कळत नाही. मी एवढं सांगितलं की लोक आपल्या पायाकडे बघायला लागतात.

पण नळी वयाने कडक व्हायचीच. साठीच्या माणसाला जो वेग चालून जातो, तो पन्नाशीतल्या माणसाला चालत नाही. म्हणून मशीन आधी वय विचारतं आणि त्या वयाप्रमाणे रिपोर्टवर पट्टे काढतं, हिरवा, नारिंगी, लाल. त्यावर एक काळा ठिपका येतो. तो ठिपका म्हणजे तुम्ही. लाट मशीन स्वतः मोजतं, वय मात्र आम्ही टाकू तेच धरून चालतं. ग्यानबाची मेख तिथेच आहे.

भाऊ वरणगावला संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत होता, मशीन शॉपला. आत काय बनतं ते तो घरात कधी बोलला नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. कॉलनीत क्वार्टर होतं, दुसऱ्या मजल्यावर. माझ्याहून चार वर्षांनी मोठा. अंगाने काटक, आवाज खणखणीत, कॉलनीत कोणाचं लग्न असो की मयत, मांडव घालायला हा पुढे. निवृत्तीला दोन महिने उरलेले असताना त्याच्या डोक्यात आलं की जाता जाता कॉलनीसाठी काहीतरी करावं. मला फोन केला. म्हणाला, तुझं ते मशीन आण, शिबिर घेऊ. मी डॉक्टरांची परवानगी काढली, मशीन बॅगेत भरलं आणि मार्च संपता संपता एका सकाळी वरणगावला गेले.

कॉलनीच्या हॉलमध्ये सतरंज्या, एक खाट, पंखा आणि ही एवढी रांग. पट्टे बघून लोक बिचकले. चारही हातपाय बांधलेला माणूस दिसायला काही चांगला दिसत नाही. एक जण म्हणाला, आधी कोणीतरी झोपा, मग बघू. तेव्हा भाऊने शर्ट काढला आणि बनियनवर खाटेवर जाऊन पडला. "पहा रे बठ्ठाजन, मरत नही मी," असं आमच्या अहिराणीत सगळ्यांना म्हणाला. सगळे हसले. मीही हसले.

मी हात पुढे केला आणि म्हणाले, "आधार."

"काय व, सख्खा भाऊले बी आधार मांगस?"

रांगेतले सगळे बघत होते. त्यांच्यासमोर भावाला सवलत दिली असती तर पुढच्या पन्नास जणांनी माझं डोकं खाल्लं असतं. मी मानेनेच पाटीकडे खूण केली, पाटी सोबत आणली होती. भाऊने पाकिटातून कार्ड काढून माझ्याकडे टाकलं. मी तारीख बघितली, एक जून, साल बघितलं, आणि टाइप केलं. साठ पुरी व्हायला दोन महिने. बोटं सवयीने चालली. डोक्याला त्यांनी विचारलंच नाही.

तक्रारी विचारायच्या असतात, त्या विचारल्या. छातीत दुखतं? नाही. दम लागतो? नाही. तंबाखू? कधीतरी, म्हणाला, म्हणजे रोज. पट्टे फुगले, आवळले, सैल पडले. पडद्यावर चार लाटा एकाखाली एक धावल्या. ठिपका हिरव्यात आला. अगदी वरच्या कडेला, पण हिरव्यात. मी त्या कडेकडे दोन क्षण बघितलं, हे मला पक्कं आठवतं. मग पुढच्याला हाक मारली.

संध्याकाळी डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट एकदम बघितले. भावाच्या रिपोर्टवर त्यांनी लिहिलं, वयोमानानुसार योग्य. त्यांची काही चूक नव्हती. त्यांच्यासमोर साठीचा माणूस होता आणि साठीच्या माणसाचा ठिपका होता.

भाऊने तो रिपोर्ट लॅमिनेट करून घेतला. आमच्याकडे महत्त्वाचा कागद म्हटला की माणूस आधी लॅमिनेशनच्या दुकानात जातो. रिपोर्ट त्याच्या निळ्या फाइलमध्ये पहिल्या पानावर बसला, नियुक्तीपत्राच्याही आधी. आल्या-गेल्याला दाखवायचा. वहिनीने तंबाखूवरून टोकलं की रिपोर्ट पुढे करायचा.

एकतीस मे आला. महाराष्ट्रात निम्मी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींना ती तारीख सोयीची पडायची. त्यामुळे एकतीस मेला हारांचा भाव चढतो. वरणगावात त्या दिवशी भावासारखे आणखी कितीतरी जण निवृत्त झाले. ऊन असं होतं की हॉलच्या पत्र्याखाली कूलरही गरम वारा फेकत होते. मायला आदल्या दिवशी धुळ्याकडच्या आमच्या गावाहून आणलं होतं. ती माझ्या शेजारी पुढच्या ओळीत बसली होती, पदराने वारा घेत, भाषणातलं काहीच न ऐकता लेकाकडे बघत.

बोलणारा गडी जोरात होता. "हे साठ वर्षांचे तरुण," म्हणाला, "यांना बघून कोण म्हणेल साठ?"

माय स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "साठ कसाना? चोपन बी नही भरनात आजून त्याले."

मी हसले. मायचं काहीतरी नेहमीचं, म्हणून हसले. आणि हसता हसता मध्येच थांबले.

कारण हे मला माहीत होतं. घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. ते काही गुपित नव्हतं, नुसतं कोणी बोलत नसे, आणि न बोलता न बोलता ते माझ्या डोक्यातून निघूनच गेलं होतं. भाऊ मायचा थोरला मुलगा नाही. त्याच्या आधी एक होता. तो सहा वर्षांचा झाला तेव्हा गावच्या शाळेत नाव घातलं. तेव्हा डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की सहा वर्षं पुरी झाली असं मानायचे. त्याला कान धरता आला. गुरुजींनी एक जून लिहिलं. त्याच पावसाळ्यात तो तापाने गेला. माय तेव्हा पोटुशी होती, आणि त्याच वर्षी दिवाळीनंतर भाऊ झाला.

गेलेल्या मुलाचं नाव गुरुजींनी हजेरीतून काढलंच नाही. पट कमी झाला तर शाळेतला मास्तर कमी होईल, ही त्यांची चिंता. त्यामुळे माझा तो न बघितलेला भाऊ मेल्यावरही चार-पाच वर्षं पहिलीत नापास होत राहिला. मग हा शाळेत जायच्या वयाचा झाला तेव्हा गुरुजी म्हणाले, नवीन नोंद कशाला, नाव आहेच, बसवा त्यावर. वडिलांना त्यात वावगं वाटलं नाही. त्या काळी आमच्या भागात ही काही नवलाई नव्हती. घरात भावाचं नाव एक राहिलं आणि कागदावर दुसरं. दाखला, नोकरी, क्वार्टर, आधार, सगळं त्या दुसऱ्या नावावर आणि त्या दुसऱ्या जन्मतारखेवर. कागदावर तो सहा वर्षांनी म्हातारा होता. त्याचं त्याला कधी काही वाटलं नाही. लवकर निवृत्त होणार म्हणून उलट तो खूशच होता.

मी लहानपणी एकदा मायला विचारलं होतं, तू कशी तयार झालीस? ती म्हणाली होती, "हजेरीमा रोज त्यानं नाव निंघे. कोनी तरी 'हजर' म्हने. माले तितलंच पुरे व्हतं." सकाळी पाणी आणायला जाताना ती शाळेच्या भिंतीमागे हंडा टेकवून थांबायची, हजेरी होईपर्यंत.

त्या हॉलमध्ये बसून मी बोटांवर हिशेब केला. पुन्हा केला. मी भावाचा ठिपका दुसऱ्याच माणसाच्या पट्ट्यावर ठेवला होता. जो माणूस जगलाच नाही, त्याच्या.

तेवढ्यात वहिनी सरबताचा ग्लास घेऊन आली. मी तिला एका बाजूला घेतलं. म्हटलं, खरं सांग, भाऊला काही त्रास होतो का? ती म्हणाली, "त्रास काही नाही हो. दाढ तेवढी दुखते. जिना चढताना खालचा जबडा धरून मधल्या पायऱ्यांवर थांबतात. मागच्या महिन्यात दाढ काढली, तरी दुखतंच आहे. दुसरी किडली असेल."

मला तिथल्या तिथे ओरडावंसं वाटलं. चढ चढताना दुखतं आणि थांबलं की थांबतं, ते दाढेचं नाही, हृदयाचं दुखणं असतं, हे मी बावीस वर्षांत कितीदा ऐकलं आहे. पण समोर लेकाच्या गळ्यात हार पडत होते आणि माय टाळ्या वाजवत होती. फोटोसाठी भाऊ खुर्चीवर चढला. सगळे हसत होते. मला त्याचा जबडाच दिसत होता.

दुसऱ्या दिवशी, एक जूनला, मी सेंटर उघडायच्या आधीच गेले. मशीन लावलं, भावाची नोंद काढली. नाव कागदावरचं. चोपन्न वर्षांपूर्वी कान धरून दाखवलेल्या मुलाचं नाव पडद्यावर बघून मला पहिल्यांदाच भीती वाटली. जन्मसालाच्या रकान्यात जाऊन मी सहा वर्षं पुढचं साल टाकलं. लाटा त्याच राहिल्या. वेगाचा आकडा तोच राहिला. ठिपका आपल्या जागेवरून तसूभर हलला नाही. फक्त त्याच्याखालचा हिरवा पट्टा खाली सरकला आणि ठिपका नारिंगीत उघडा पडला. मी आणखी एकदा साल बदललं, आधीचं टाकलं, पट्टा वर आला. परत खरं टाकलं, पट्टा खाली गेला. असं किती वेळ करत बसले कोण जाणे. बाहेर पेशंट दार वाजवायला लागले तेव्हा उठले.

डॉक्टर आले तेव्हा मी सगळं सांगितलं, दाढेसकट. ते माझ्यावर चिडले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. म्हणाले, "मॅडम, ही चाळणी आहे, निदान नव्हे. नारिंगीत आहे म्हणून उद्या काही होईल असं नाही. पण जबड्याचं ऐकून मला थांबावंसं वाटत नाही. आजच आणा. ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवायचंही नको कदाचित, सरळ अँजिओग्राफीला पाठवू."

मी भाऊला फोन लावला. पहिल्यांदा तो हसला. मी दाढेचं बोलले तेव्हा वहिनीवर वैतागला. वयाचं बोलले तेव्हा मात्र त्याने आवाज एकदम खाली आणला.

"फोनवर हाई बोलू नको," म्हणाला.

"कोण ऐकतंय?"

"कोठेबी लिखू नको. दुसरी तारीख एक बी कागदवर नको. पेन्शनना कागद हाथमा येवाना शेतस आजून. चौतीस वरीस नोकरी करी मी. आते कोनी म्हनीन, हाऊ मानूस कोन शे?"

मी म्हटलं, कागदावर काही लिहिणार नाही. जुनीच तारीख टाकू, नाव तेच राहील, फक्त डॉक्टरांसमोर ये. तेव्हा तो जरा सैल पडला. मग पुन्हा हसला, पण ते हसू आधीचं नव्हतं. "मशीन तुनं, रिपोर्ट तुना. आते तूच म्हनस का तो खोटा शे?"

लोकांना ठणकावून सांगणारी मी, माझ्याच रिपोर्टवर विश्वास ठेवू नको म्हणून भावाच्या विनवण्या करत होते.

शेवटी तो म्हणाला, "पह्यले क्वार्टर खाली करू दे. सामान जळगावले लावतस, मंग तू सांगशी तठे येस. चार दिवस."

जळगावात त्याने छोटा फ्लॅट घेतला होता, तोही दुसऱ्या मजल्यावर. मी म्हटलं, बरं, पण जड काही उचलायचं नाही. तो हो म्हणाला. मी चार दिवस कबूल केले. टॅक्सी करून वरणगावला जायचं, बखोट धरून त्याला आणायचं, एवढं माझ्या हातात होतं. मी इतरांवर इतकी ओरडते, त्याच्यावर ओरडले नाही. साठीच्या माणसाला ओरडायचं कसं, असं काहीतरी मनात आलं असावं. म्हणजे कागदावरचं वय माझ्याही डोक्यात किती घट्ट बसलं होतं बघा.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला वहिनीचा फोन आला. टेम्पो वरणगावलाच भरत होता. सगळं सामान खाली गेलं, लोखंडी कपाट राहिलं. हमालांनी ते जिन्याच्या वळणावर अडकवलं. भाऊ खालून वर येत म्हणाला, सरका, तुम्हाला जमत नाही, आणि स्वतः खालची बाजू धरली. वहिनी ओरडली तर म्हणाला, मशीनने सांगितलंय ना, काही नाही मला. कपाट वळणातून सुटलं. तो भिंतीला टेकून खाली बसला, जबडा धरून. हमालांना वाटलं हात चेंगरला. त्याच टेम्पोत, सामानाच्या मध्ये झोपवून, त्याला भुसावळच्या दवाखान्यात नेलं.

मी जळगावहून पोचले तोवर सगळं झालं होतं. वहिनीच्या हातात निळी फाइल होती. टेम्पोच्या केबिनमध्ये सगळ्यात वर तीच ठेवलेली होती, म्हणून घाईत तीच घेऊन ती आत धावली होती. मागचे काही रिपोर्ट आहेत का, असं तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, तेव्हा तिने पहिलंच पान पुढे केलं. तो म्हणाला होता, हा तर नॉर्मल आहे. वहिनीने हे मला सांगितलं तेव्हा तिच्या बोलण्यात माझ्यावर आरोप नव्हता. ती मला विचारत होती. नॉर्मल होता ना हो, नॉर्मलच होता ना?

मी तिच्या हातून तो रिपोर्ट घेतला आणि बाहेर येऊन फाडायला गेले. लॅमिनेट केलेला कागद फाटत नाही. दुमडला, पिळला, दाताने धरला. तो पुन्हा सरळ झाला. ठिपका हिरव्यात होता.

आमच्या डॉक्टरांनी मला नंतर खूप समजावलं. नारिंगी ठिपका आधी दिसला असता तरी भाऊ आलाच असता असं नाही. आला असता तरी वाचलाच असता असं नाही. हिरव्यातली माणसंही जातात आणि लालमधली नव्वदीपर्यंत शिव्या देत जगतात. हे सगळं खरं आहे, आणि मला त्याचा शून्य उपयोग झाला. मला एवढंच कळतं, की एप्रिल आणि मे असे दोन महिने हातात होते, आणि त्या दोन महिन्यांवर मी स्वतःच्या हाताने हिरवा पट्टा ओढला.

पाटी मी काढली नाही. आधार आजही बघते. पण तारीख टाकायच्या आधी आता मी दार लोटून घेते आणि विचारते, हे खरं आहे का? कागदाचं सोडा, तुमच्या आईला विचारलं तर ती काय सांगेल? लोक दचकतात. काही हसतात. एक जून दिसला की मी जास्तच खोदून विचारते, आणि खरंच, दर आठवड्याला कोणीतरी खाली बघून म्हणतं, मॅडम, तसं बघितलं तर हे वय माझं नाही. मी दुसरं साल टाकते. पट्टा सरकतो.

मायला आम्ही नंतर जळगावला आणलं, वहिनीजवळ. ती फार रडली नाही. दिवसभर गॅलरीत बसून असायची. मला तिच्यासमोर जायची भीती वाटायची, कारण त्या दिवशी हॉलमध्ये तीच बोलली होती, आणि त्याच्या आधी मी काय केलं ते तिला कोणी सांगितलं नव्हतं.

मृत्यूचा दाखला मीच आणायला गेले. घरी आल्यावर माय म्हणाली, वाच. मी नाव वाचलं. कागदावरचं नाव. ते उच्चारल्यावर माझ्या लक्षात आलं, की त्या नावाचा मुलगा त्या पावसाळ्यात गेला त्याची नोंद कुठेच झालेली नव्हती. गुरुजींनी ती होऊच दिली नाही. इतक्या वर्षांनी ते नाव पहिल्यांदाच मेल्याचं लिहिलं गेलं होतं.

मग मी तिला सगळं सांगून टाकलं. आधार, टाइप केलेलं साल, पट्टा, ठिपका, दाढ, चार दिवस. सांगून झाल्यावर मी म्हटलं, माय, सगळं या खोट्या वयामुळे झालं, आणि ते मी टाकलं.

तिने हात पुढे केला. मी दाखला दिला. तिला वाचता येत नाही. तिने तो मांडीवर ठेवला आणि तळव्याने सरळ केला.

"वय कितलं लिखेल शे?"

"साठ."

ती बोटांची पेरं मोजत राहिली, ओठ हलत होते. पाण्याच्या हंड्यासारखं काहीतरी जड ती सावकाश खाली ठेवते आहे असं मला वाटलं.

"सहा मोठाना," ती म्हणाली. "चोपन धाकलाना." मग माझ्याकडे बघून, अगदी रोजच्या आवाजात, "बरोबर लिखेल शे व माय. खोटं काहीच नही."